ट्रॉली काऊन उचलत नाही

केशोरी, ६ मे २००३

प्रिय झामसिंग,

रामराम. गोंदियाच्या आयटीआयत आपण दोन वर्षं एका खोलीत राहिलो, एका बादलीने आंघोळ केली, म्हणून हे पत्र सभ्य भाषेत लिहितो आहे. दिवाळीनंतर तुझा जुना ट्रॅक्टर घेताना तू म्हणाला होतास, डोळे झाकून ने. मी झाकले. आता ते उघडायची पाळी आली आहे.

आमच्या गावतलावाची पाळ दक्षिणेकडे तीस हात खचली आहे, हे तुला माहीत आहेच. तलाव बांधणं हाच ज्यांचा वारसा, त्या आमच्या कोहळी पूर्वजांनी बांधलेली पाळ. यंदा पाणी तिथून फुटलं तर खालच्या चाळीस घरांचं धान वाहून जाईल, त्यात पहिलं माझं. दरवर्षी गावकरी बैलबंड्यांनी माती टाकतात आणि दरवर्षी ती पुरत नाही. म्हणून या वेळी सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, बंड्या घरी ठेवा, मी हायड्रोलिक ट्रॉली आणतो आणि पावसाच्या आत एकटा पाळ भरून देतो. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला पुढचं भान राहत नाही.

कालव्याच्या कामावर ठेकेदाराचं पोकलेन आहे. निघालेला मुरूम तो ट्रॉलीत फुकट भरून देतो, पण पाच जूनपर्यंतच, नंतर त्याचं यंत्र दुसरीकडे जाणार. भरायची चिंता नाही. उतरवायला मात्र माणूस नाही, कारण सारं गाव तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलं आहे. ट्रॉलीने स्वतः उलटून माल ओतला तरच दोनशे खेपा होतील.

तुझ्याच सांगण्यावरून कवडू मिस्त्रीने ट्रॅक्टरच्या पंपावरून ऑइलची लाइन काढली, सीटजवळ लिव्हर बसवलं आणि मागे कपलिंगचा अर्धा भाग लावला. दुसरा अर्धा ट्रॉलीच्या पाइपाच्या टोकाला आहे. अक्षय तृतीयेला यशोदेने ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोघांची यथासांग पूजा केली, नारळ फुटला, पेढे वाटले. मग मी पाइप जोडायला गेलो, तर एक अर्धं दुसऱ्या अर्ध्यात जाईना. चौघांनी मिळून रेटलं, तरी नाही. ज्याला मी माझी बैलजोडी विकली तो दुलीचंद त्याच जोडीच्या बंडीवर बसून हे सगळं बघत होता. म्हणाला, "बैलाच्या मानेवर जू चढवाले मले दोन मिनिटं लागतात."

आमचा फोन मार्चपासून मुका आहे. तू स्वतःच ये.

तुझा (अजून तरी)
पुनाराम


बिरसी, १० मे २००३

प्रिय पुनाराम,

येता येत नाही. इकडे लग्नसराई आहे, रोज एकीकडे तरी तोंड दाखवावं लागतं. शिवाय एवढ्यासाठी यायची गरजही नाही. आयटीआयत तू हायड्रोलिकच्या तासाला झोपायचास, त्याचं हे फळ आहे.

ट्रॉलीचा पाइप तू उन्हात टाकून ठेवला असशील. आतलं ऑइल तापलं की फुगतं आणि आतून दाब देतं. तिकडे ट्रॅक्टरच्या लाइनीतही दाब अडकलेला असतो. दोन्ही बाजूंनी आतून कोणी दार धरून उभं असेल तर बाहेरून चौघांनी रेटून काय होणार? आधी इंजिन बंद कर. मग लिव्हर चार-पाच वेळा वर-खाली कर, म्हणजे ट्रॅक्टरच्या बाजूचा दाब सुटेल. पाइप सावलीत ठेव, थंड होऊ दे. दोन्ही तोंडं कोरड्या फडक्याने पूस. कपलिंगची बाहेरची कडी मागे ओढून धर, पाइप सरळ आत घाल आणि कडी सोड. टक असा आवाज आला पाहिजे. टक नाही तर जोडणी नाही.

आणि ट्रॅक्टरला नावं ठेवू नकोस. त्याने माझी वीस एकर पंधरा वर्षं नांगरली आहे.

तुझा
झामसिंग


केशोरी, १५ मे २००३

झामसिंग,

टक झालं. दुसऱ्याच दिवशी झालं. जरा खरखरत गेलं, पण गेलं. यशोदेने पुन्हा उदबत्ती ओवाळली, मी गॉगल लावला, गावातले जे जंगलात गेले नव्हते ते सगळे जमले. मी इंजिन चालू केलं, लिव्हर ओढलं आणि पंप असा किंचाळला की बाजूच्या कोंबड्या पळाल्या. ट्रॉली मात्र बसली ती बसलीच. तीन दिवस झाले. मी रोज लिव्हर ओढतो, रोज पंप किंचाळतो, रोज ट्रॉली तशीच. मागचा नांगर मात्र झकास उचलला जातो. ऑइल तपासलं, कांडीच्या खुणेपर्यंत भरलेलं आहे.

दुलीचंद रोज तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत येतो आणि एकच प्रश्न विचारतो, "पुनाराम, थे उचलून काऊन नाही राहिली?" त्याचा आवाज काळजीचा असतो, त्यामुळे त्याला मारताही येत नाही. काल सरपंच म्हणाले, बंड्यावाल्यांना परत बोलवायचं का. बंड्यावाले म्हणतात, आमचा अपमान झाला, आता पुनारामनेच भरावी. मी दोन खेपा स्वतः फावड्याने उतरवल्या. कंबर धरली. उरल्या एकशे अठ्ठ्याण्णव.

रात्रंदिवस मला एकच गोष्ट दिसते, तीस हात खचलेली पाळ आणि तिच्यावरून जाणारं पाणी. लोक म्हणतील, कोहळ्याच्या घरात जन्मून याने तलाव घालवला. आता तुला सरळ विचारतो. हा ट्रॅक्टर विकताना तू माझ्यापासून काही लपवलंस का? लग्नसराईचं कारण मला पटलेलं नाही. पंचवीस वर्षांत तू माझ्याकडे यायला कधी मुहूर्त पाहिला नाहीस.

पुनाराम


बिरसी, १८ मे २००३

पुनाराम,

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. विचारलंच आहेस तर सांगतो. लिफ्टच्या पिस्टनच्या रिंगा मी चार वर्षं बदललेल्या नाहीत. नांगर वर उचलून ठेवला आणि चहा प्यायला गेलं, की परत येईपर्यंत तो हळूहळू खाली टेकलेला असायचा. तू पाहायला आलास त्या दिवशी मी तुला चहा घरात न देता ट्रॅक्टरजवळच उभ्याने दिला, तो त्यासाठीच. तू आदरातिथ्याचं कौतुक केलंस, ते मला आजही टोचतं.

त्या रिंगांमुळे ट्रॉली उचलत नसेल असं माझं डोकं सांगतं, कारण तिची लाइन वेगळी आहे. पण मन खातं आहे. नव्या रिंगा मी गोंदियाहून मागवतो. तोवर मला माफ करता आलं तर कर. यायचं मात्र आत्ता जमणार नाही.

झामसिंग

ता. क. भाऊजी, रामराम. मी दुलारी. यांची पत्रं पेटीत मीच टाकते आणि टाकायच्या आधी वाचते. लग्नसराई वगैरे काही नाही. हे नव्या ट्रॅक्टरवरून पडले, यांचा उजवा पाय प्लास्टरमध्ये आहे. ट्रॅक्टर उभा होता. तुम्ही हसाल म्हणून सांगत नव्हते.


केशोरी, २२ मे २००३

आदरणीय झामसिंग काका,

मी अंजू. आई सांगते आहे तसं लिहिते, फक्त भाषा थोडी कॉलेजातली करते. हे पत्र बाबांना ठाऊक नाही.

भाऊजी, तुमचं पत्र यांनी ओसरीवर मोठ्याने वाचलं. तुमचा पाय मोडल्याचं वाचून हे हसले. पण रिंगांचं वाचून म्हणाले, बघ, सापडला चोर. चोर तुम्ही नाही. मी आहे.

बैलजोडी होती तेव्हा दर सणाला त्यांना मी स्वतःच्या हाताने भरवायची. अकरा वर्षं भरवलं. ट्रॅक्टर आला आणि जोडी दुलीचंदाकडे गेली. ते बैल रोज आमच्या दारावरून जातात आणि दाराशी आले की थांबतात. दुलीचंद हाकतो तेव्हा पुढे जातात. मी तेव्हा घरात जाते. अक्षय तृतीयेला पूजा करताना वाटलं, हा पण आता आपल्या घरचाच, याला उपाशी कसं ठेवायचं. मागे गेले तर त्याचं ते गोल तोंड उघडं दिसलं. (इथे आईचे शब्द तसेच लिहिते, काका.) "तोंड उघडं व्हतं, म्हणून भरवलं. चिमूटभर तांदूळ आन गुळाचा खडा. बोटानं आतमंदी ढकललं बी." मला काय माहीत ते तेलाचं तोंड आहे.

लगेच त्याच दिवशी पाइप अडला. यांना सांगायचं धाडस होत नाही. गावात बातमी गेली की पुनारामच्या बायकोने ट्रॅक्टरला जेवू घातलं म्हणून ट्रॉली बंद पडली, तर यांना पाळीवर उभं राहता येणार नाही. पण तुमच्यावर आळ आलेला मला सोसवत नाही. काही तरी करा. मला उत्तर द्यायचं तर अंजूच्या नावाने द्या, तिची मैत्रीण लिहिते आहे असं.

यशोदाबाई (आईने अंगठा नाही, सही केली आहे. सहीला वेळ लागला.)


बिरसी, २४ मे २००३

प्रिय पुनाराम,

खूप विचार केला. रिंगांचा काही संबंध नाही. मला वाटतं, कपलिंगमध्ये धूळ गेली असावी. आपल्या भागात मे महिन्यात फार धूळ असते. आत स्प्रिंगवर एक गोळी असते, पाइप जोडला की ती मागे सरकते आणि ऑइलला वाट देते. ती गोळी चिकटली की ऑइल ट्रॉलीपर्यंत पोहोचतच नाही आणि पंप किंचाळतो.

इंजिन बंद करून दाब सोड. ट्रॅक्टरच्या बाजूचं कपलिंग पान्याने खोलून काढ आणि आधी गरम पाण्यात बुडव, मग डिझेलमध्ये धू. गरम पाणी कशाला असं विचारू नकोस, ही नवी पद्धत आहे. पेचकसाने गोळी दाबून बघ, ती मागेपुढे उड्या मारायला हवी. मग पूर्ण कोरडं करून बसव. ट्रॉली उचलली गेली की खाली डोकावून बघायची हौस करू नकोस. बघायचंच असेल तर आधी जाड लाकडाचा टेका दे. यंत्रावर विश्वास ठेवावा, पण डोकं त्याच्याखाली ठेवू नये.

तुझा
झामसिंग


बिरसी, २४ मे २००३

प्रिय मैत्रीण अंजू,

तुझं पत्र मिळालं. मी मजेत आहे, अभ्यास चालू आहे. प्लास्टर निघायला अजून पंधरा दिवस आहेत.

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. त्यांच्या हातून स्वयंपाकात जी चूक झाली ती काही मोठी नाही. भांडं फुटलेलं नाही, फक्त करपलं आहे आणि घासलं की निघेल. घासायचं कसं ते मी योग्य माणसाला वेगळं कळवलं आहे आणि कारण दुसरंच सांगितलं आहे. त्यांनी रडू नये. आमच्याकडे पंधरा वर्षं त्याला कोणी कधी गुळाचा खडा दिला नाही, याचं आज मला वाईट वाटलं.

तुझी मैत्रीण
भूमेश्वरी


केशोरी, ८ जून २००३

प्रिय झामसिंग,

पाळ भरली. आधी तेवढं लिहितो, कारण ते लिहिण्यासाठी महिनाभर थांबलो होतो.

तुझं पत्र सत्तावीसला मिळालं. त्याच दुपारी कपलिंग खोललं आणि गरम पाण्यात बुडवलं. तुझी धूळ निघाली. पांढरी होती, लांबट होती आणि तिला चिन्नोर तांदळाचा वास होता. आणखी एक धूळ वितळून गोळीला चिकटलेली होती, ती मी चाखून पाहिली. गोड होती. दाणे मोजले, सतरा भरले. यशोदा दारात उभी होती. तिचा चेहरा बघून मी म्हणालो, "धूळ व्हती. झामसिंग म्हणे तशीच." ती आत जाऊन चहा ठेवू लागली आणि मी ते सतरा दाणे बनियनच्या खिशात टाकले.

तिला हे कधी कळू द्यायचं नाही, अशी तुला शपथ आहे. तिला वाटेल की तिच्या पूजेमुळे पाळीचं काम अडलं. बैल विकल्यावर आठ दिवस तिने गोठा झाडला. रिकामा गोठा. मला तेव्हाच समजायला हवं होतं. गावात मी सांगितलं आहे की तुझ्या ट्रॅक्टरातच खोट होती. तुझं नाव गेलं, त्याची मला लाज वाटते. पण तुझ्या रिंगा तशाही खराब आहेत, तेव्हा तू हे सोसावंस.

आणखी एक. अंजूला बिरसीहून तिच्या भूमेश्वरी नावाच्या मैत्रिणीचं पत्र आलं. पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं. पत्र मी उघडलं नाही, पण पाकिटावरचा पत्ता वाचला. आयटीआयत दोन वर्षं मी ज्याच्या वह्या उतरवून काढल्या, त्याचं अक्षर मी ओळखणार नाही असं त्या मुलीला का वाटलं, ते तिला विचार.

आता दुलीचंदाचं. कपलिंग बसवून मी रिकामी ट्रॉली पाळीवर नेली. तिथे मुरमाचा एक ढीग होता. दुलीचंद आला, ट्रॉलीत चढला आणि मांडी घालून खर्रा घोटत बसला. म्हणाला, ही उचलत नाही, मग उन्हात कशाला उभं राहायचं. मी त्याला तीनदा उतर म्हणालो. मग लिव्हर ओढलं. पंप किंचाळला नाही, नुसता हुंकारला. ट्रॉलीचं पुढचं टोक हळूहळू आकाशाकडे निघालं आणि दुलीचंद मांडी न मोडता, खर्रा न सांडता, मागे मागे सरकत मुरमाच्या ढिगावर अलगद जाऊन बसला. मग मान वर करून म्हणाला, "उचलते बा."

नऊ दिवसांत दोनशे खेपा पुऱ्या केल्या. पाच जूनला पोकलेन गेलं, तेव्हा शेवटची ट्रॉली ओतून झाली होती. मुरूम चोपायला बंड्यावाले आपणहून आले. पहिली बंडी दुलीचंदाची होती.

तुझा
पुनाराम


बिरसी, १४ जून २००३

प्रिय पुनाराम,

प्लास्टर निघालं. पाय मोडला तेव्हा ट्रॅक्टर उभा होता हे तू कुणाला सांगू नकोस, म्हणजे मीही कुणाला काही सांगणार नाही.

पण माझी अवस्था काय झाली आहे ते बघ. तुझ्या घरातल्या दोघांनी मला एकच गोष्ट एकमेकांपासून लपवायची शपथ घातली आहे. दुलारी दोन्ही बाजूंची पत्रं वाचून हसत असते. मी तिला म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे. ती म्हणाली, या वयात नवरा-बायको एकमेकांना इतकं जपतात, त्याला हसू नको तर काय करू.

सोबत रबराचं एक टोपण पाठवतो. पाइप काढला की ट्रॅक्टरच्या कपलिंगवर हे घालायचं. ते आधीच असतं तर हा महाभारताचा प्रसंग टळला असता. कवडू मिस्त्रीने ते द्यायला हवं होतं आणि मी विचारायला हवं होतं. रिंगाही पाठवतो आहे. आणि माझं ऐकशील तर एखाद्या चांगल्या दिवशी तिला सांगून टाक.

तुझा
झामसिंग
(भूमेश्वरीही नमस्कार सांगते)


केशोरी, २९ ऑगस्ट २००३

प्रिय झामसिंग,

तलाव काठोकाठ भरला आहे. मधे तीन दिवस झड लागली होती, तेव्हा मी छत्री घेऊन पाळीवरच उभा होतो. पाणी आपण भरलेल्या जागेला येऊन टेकलं आणि तिथेच थांबलं. सांडव्यातून जायचं तेवढं गेलं. खाली चाळीस घरांचं धान हिरवंगार उभं आहे. मी उगाचच रडलो, पाऊस असल्यामुळे कुणाला दिसलं नाही.

परवा पोळा झाला. दुलीचंदाने जोडी सजवली आणि तोरणाखाली न्यायच्या आधी आमच्या दारात आणून उभी केली. यशोदेकडे बघून म्हणाला, "वहिनी, हे तुमच्या हातचं खाल्ल्याबिगर पुढे जाऊन नाही राहिले." तिने दोघांना भरवलं, त्यांच्या गळ्याला मिठी मारली आणि डोळे पुसले. बैल गेले. तिच्या ताटात गूळ-तांदूळ उरले होते. तिने एकदा अंगणात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घालून घराकडे वळली.

तेव्हा मला राहवलं नाही. मी तिच्या दंडाला धरून तिला ट्रॅक्टरच्या मागे नेलं. कपलिंगवर तू पाठवलेलं टोपण घट्ट बसवून दाखवलं आणि म्हणालो, "आता भरव याले. काई बिघडत नाही."

तिने ते टोपण बोटाने दाबून पाहिलं. मग विचारलं, "तुमाले कवापासून मालूम?"

मी बनियनच्या खिशातून ते सतरा दाणे काढून तिच्या तळहातावर ठेवले. रोज धुवायच्या आधी बनियनमधून काढायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवायचो. तिने ते मोजले. मग ताटातले तांदूळ आणि गूळ टोपणावर नीट ठेवले, ट्रॅक्टरच्या चाकावर हात फिरवला आणि पाया पडली. मी म्हटलं, चला, झालं. तर उरलेला सगळा गूळ तिने मूठ भरून माझ्या तोंडात कोंबला. म्हणाली, "तीन महिने हे तोंड बंद राहिलं. याले बी भेटाले पायजे."

रिंगा बसवल्या. आता नांगर उचलून ठेवला की तसाच राहतो. तू ये, तेव्हा चहा घरात बसून घेऊ.

तुझा
पुनाराम